पाडव्याच्या सकाळचं उत्तर

मंडळी, ऐका. वाटेत कुणी भेटतं, हसून विचारतं — काय, बरं आहे ना? आपण म्हणतो, बरं आहे. गुडघा दुखतोय, सून बोलत नाही, तरी बरं आहे! आणि खरं सांगायला गेलात, तर विचारणारा उद्यापासून दुसऱ्या आळीने जाईल. हसताय? हसा. पण मला सांगा, हे खोटं झालं की नाही? आणि झालं असेल, तर ते कुणाचं?

देवरुखला शरयू नावाची एक बाई होती. शाळेत शिकवायची, आईजवळ राहायची. पौषात आई गेली, आणि बघता बघता पाडवा आला. दुखवट्याचं वर्ष, दाराला ना तोरण, ना गुढी. सकाळी ती दूध आणायला निघाली, तर सगळा गाव नटून रस्त्यावर. जो तो थांबतो, बरी आहेस ना म्हणून विचारतो, आणि तिने तोंड उघडायच्या आत यंदाच्या मोहोराचं बोलायला लागतो. वाईट कुणाच्या मनात नाही हो! आणि तीही कशी — शेजारणीची वाटी परत करावी तसं म्हणते, बरी आहे, तुम्ही?

एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर नरहरकाका उतरले. तिच्या वडिलांचे जुने मित्र. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दिवाळीपासून लेकीकडे हैदराबादला होते. आता ज्याचे डोळे नुकतेच केलेत, त्याने रडू नये — म्हणून लेकीने शरयूची आई गेल्याची बातमी त्यांना कळूच दिली नव्हती.

काकांनी तिची चौकशी केली. बरी आहे, म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "आणि वहिनी?"

"बरी आहे."

मंडळी, जीभच ती! सकाळपासून एकाच वळणाला लागलेली, तशीच पुढे गेली.

काका खूश झाले. "मग संध्याकाळी येतोच. इतकी वर्षं वहिनींनी मला पंचांगातलं वर्षफळ वाचून दाखवलं. यंदा मी वाचणार, त्यांनी ऐकायचं."

आणि रिक्षात बसून गेलेसुद्धा.

शरयू तिथेच उभी. हाक मारायला हवी होती, मारली नाही. दिवसभर तिला काही सुचेना. दुपारी तिने ठरवलं, कुलूप लावून देवळात जाऊन बसावं. कुलूप हातात घेतलं. मग डोळ्यांपुढे आलं — काका बंद दारापुढे उभे आहेत, आणि येणारा-जाणारा कुणीतरी चालता चालता त्यांना सांगतोय. तिने कुलूप खुंटीला अडकवलं.

संध्याकाळी काका आले. धुवट धोतर, काखेत नवं पंचांग. दारात थबकले, चौकटीकडे पाहिलं.

"तोरण नाही लावलंस?"

"काका, आई पौषात गेली. सकाळी मी खोटं बोलले. सगळ्यांना तेच सांगत होते, तुम्हालाही सांगून गेले."

आता सांगा, आपण असतो तर काय म्हटलं असतं? वय झालं होतं. सुटल्या बिचाऱ्या. देवाची मर्जी. सगळं कसं तोंडाशी तयार! काका त्यातलं काही म्हणाले नाहीत. ओटीवर टेकले. पंचांग बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "कशा गेल्या? मला सगळं सांग. मला घाई नाही."

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

शरयू बोलायला लागली. शेवटच्या आठवड्यात आईने आमसुलाचं सार मागितलं होतं. दोन घोटही गेलं नाही. ती वाटी धुऊन पालथी ठेवलेली, तिने अजून वापरायला काढली नव्हती. बोलता बोलता दिवेलागण झाली, दिवा लावायचा राहिला. काका ऐकत राहिले. मधूनच धोतराच्या सोग्याने डोळे टिपत होते — जपून, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे.

मंडळी, सकाळचं उत्तर खोटंच होतं. पण ते एकट्या शरयूचं का? विचारून पुढे चालू लागलेल्या प्रत्येकाचा त्यात वाटा नाही?

उद्या पाडवा. यंदा कुणाच्या घरातलं माणूस गेलंय, तुम्हाला ठाऊक आहे. तिथे जा. शुभेच्छा राहू द्यात. चपला काढा, बसा, मग विचारा. ते म्हणतील, बरं आहे. म्हणू देत. तुम्ही उठू नका.