इन्सर्टचं बटण

शेजारच्या घरातलं मला कसं कळतं, ते विचारू नका. पल्लवी कामाला बसली की तिचं बाळ माझ्या मांडीवर असतं, मग दिसतंच सगळं. सातपूरच्या तिच्या कंपनीने आठवडाभर घरून काम करून बघ म्हणून सांगितलं होतं. जमलं तर कायमचं घरून, नाहीतर नोकरी सोडायची. नवऱ्याच्या मॅक लॅपटॉपवरून ती घरबसल्या कंपनीतला विंडोजवाला कॉम्प्युटर चालवायची. तिथे ऑर्डर चढवायला इन्सर्टचं बटण लागतं, आणि मॅकला ते बटणच नाही.

पोरीने दोन दिवस डोकं लावलं आणि उजवीकडचं एक बटण इन्सर्टचं काम करेल असं करून घेतलं. "काकू, चाललं बघा," म्हणाली. दोन दिवसांनी हसली असेल.

संध्याकाळी तिचा नवरा रोहन आला आणि त्याने बटण होतं तसं करून टाकलं. सकाळी तिने परत बदललं, संध्याकाळी त्याने परत तेच केलं.

"अरे, राहू दे की चार दिवस," मी म्हटलं.

"माझ्या हाताची सवय मोडते, काकू. आणि लॅपटॉप माझा आहे."

शुक्रवारी सकाळी निघताना त्याने सेटिंगला पासवर्डच घातला. पल्लवीने त्याला किती फोन केले, पण साहेब मीटिंगमध्ये. दिवसभरात एकही ऑर्डर चढली नाही आणि कंपनीने नाही म्हणून कळवलं.

परवा रोहन लिफ्टमध्ये भेटला. मी विचारलं, "पल्लवी कशी आहे रे?"

"बरी आहे. सुटली नोकरी ते बरंच झालं. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळतच नाही, काकू."