टॅप-फॉसेट बंद कर

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, बाजारात मिस्त्री म्हणून ओळखला जाणारा, वय एकोणसत्तर, राहणार छापखान्याच्या वरचा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, माझ्या दोन्ही मुलांनी माझ्याविरुद्ध मारहाणीची तक्रार दिली आहे. ती खरी आहे. दोघांच्याही कानाखाली मीच वाजवली.

थोरला मुलगा एका इंग्रजी बोलणाऱ्या देशात असतो, धाकटा दुसऱ्या. थोरल्याला मुलगी, धाकट्याला मुलगा. नातवंडांना आपल्या भाषेतला एक शब्द येत नाही, कारण या शहाण्यांनी शिकवला नाही. म्हणून माझी बायको फोनवर त्या पोरांकडूनच इंग्रजी शिकली. नळाला नात टॅप म्हणते, नातू फॉसेट. बॅटरीला ती टॉर्च, तो फ्लॅशलाइट. कचऱ्याच्या डब्याला ती बिन, तो ट्रॅश कॅन. हे दोन देशांचे वेगळे शब्द आहेत, हे बायकोला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, ज्या पोराचा जो शब्द. तिनं कधी गल्लत केली नाही.

या सुट्टीत दोन्ही बिऱ्हाडं एकदम आली. पोरं शेजारी शेजारी उभी, मग बायको दोन्ही शब्द जोडून बोलू लागली. "टॅप-फॉसेट बंद कर." पोरं पोट धरून हसायची आणि मुद्दाम नळ सोडून यायची. तीही हसायची.

काल जेवताना थोरला म्हणाला, "आई, तू नुसतं टॅप म्हण. माझ्या पोरीची भाषा बिघडते." धाकटा म्हणाला, "म्हणजे माझ्या पोरानं शाळेत हसं करून घ्यायचं?" दोघांची जुंपली. कोणाचं इंग्रजी खरं, यावर ताटं गार झाली. मग एका गोष्टीवर मात्र त्यांचं एकमत झालं. धाकटा म्हणाला, "आई, तू मुलांशी इंग्रजी बोलूच नकोस." थोरल्यानं मान डोलावली.

मी विचारलं, "मग बोलायचं कशात तिनं?" थोरल्यानं धाकट्याकडे लोणचं सरकवलं. तेव्हा मी उठलो आणि वर सांगितलं ते केलं.

बायको तेव्हापासून नातवंडांशी बोललेली नाही. आज सकाळी नात रिकामा पेला घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. तिनं मुकाट्यानं नळाखाली धरून भरून दिला आणि नळ बंद केला. पोरीनं पाणी मोरीत ओतलं आणि पेला पुन्हा पुढे केला. पुन्हा ओतलं, पुन्हा पुढे केला. तिला तहान नव्हती.

पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून द्या, असं साहेबांनी मला सांगितलं. मी देणार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात' असं आलं होतं, ते मी खोडायला लावलं. भर ओसरतो. माझा राग आहे तसाच आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे.