शिवणीच्या आतलं कापड

श्वास सोडा, सोडा — पोट आत ओढून माप देऊ नका साहेब, लोक असं माप देतात आणि मग पॅन्ट घालून जेवायला बसले की शिव्या मला. हां, असं. छत्तीस. छत्तीस? थांबा, परत घेतो. — छत्तीसच आहे की हो! गेल्या वर्षी अडतीस होती, मीच सैल करून दिली होती ही पॅन्ट, याच टेबलावर. काय केलंत काय? खाणं बदललं? बस्स? गोळ्या नाहीत, पळणं नाही? आधी ताटातली भाजी संपवायची, मग डाळ नाहीतर अंडं, आणि भात सगळ्यात शेवटी, तोही मूठभर — माहितेय, माहितेय मला, पाठ आहे. आणि एवढ्यावर सहा किलो. छान. विश्वास आहे हो माझा, पण ऐकलं की डोकं फिरतं. तुमच्यावर नाही, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. जा, त्या पडद्यामागे बदला आणि ती पॅन्ट द्या इकडे.

पाठ का आहे म्हणता? अहो, तोच तक्ता आमच्या वर, फ्रीजवर चिकटवलाय. हिचा. आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलंय, आठ किलो उतरवा, साखर खाली आणा, मग ऑपरेशनची तारीख देतो. तोपर्यंत नाही म्हणजे नाही. आहाराच्या बाईंकडे पाठवलं. चांगल्या आहेत बाई, ओरडत नाहीत. म्हणाल्या, उपाशी राहायचं नाही, फक्त ताट बदलायचं. फक्त! ताट बदलणं म्हणजे काय कॉलर बदलण्याइतकं सोपं आहे? — तो स्टूल दिसतोय ना, खिडकीपाशी? त्यावर ती बसायची. बावीस वर्षं काजं तिनं केली, हेमिंग तिचं, गुंड्या तिच्या. डोळे मिटून दोरा चाचपायची आणि सांगायची, अहो, इथं टाका सुटलाय. आणि सुटलेला असायचा! आता वर बसून असते. अठरा पायऱ्या आहेत. मी दिवसभर इथं एकटा, बडबडतो कुणाशी तर गिऱ्हाइकाशी. मला दुसरं काही नको हो, ती खाली येऊन बसली पाहिजे, एवढंच.

पहिला महिना झकास गेला. मीसुद्धा तेच खायचो, तिला एकटं वाटू नये म्हणून. बिनसाखरेचा चहा, उकडलेली फुलकोबी — शत्रूवर येऊ नये अशी फुलकोबी. मग एक दिवस मोठ्या गुंड्या हव्या होत्या म्हणून वरचा डबा उघडला, तर गुंड्यांच्या खाली बिस्किटं. क्रीमची. माझं टाळकंच सरकलं. नको ते बोललो. म्हणजे — जाऊ द्या काय बोललो ते. त्यानंतर जेवताना बोलणंच बंद झालं आमचं. दोन माणसं समोरासमोर, मध्ये फुलकोबी, आणि ऐकू काय येतंय तर चमचे. वजनाचा काटा आणला होता, तो तिनं पलंगाखाली सरकवून दिला. म्हणाली, मी शिंप्याची बायको आहे, मला काटा नको, मला माझा कपडा सांगेल.

कपडा सांगेल! आता तुम्हीच सांगा, हे माझ्यासमोर बोलायचं होतं का? — नाही, टाचणी सांभाळा, पायाशी पडलीय. — मी काय केलं, दुपारी ती झोपली होती, तिचा निळा गाऊन खाली आणला, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि बोटभर सैल केला. मी कपड्यात नेहमी दोन बोटं जास्तीची सोडतो आत, म्हटलं असू दे, माणूस वाढतो. इस्त्री फिरवली, ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक — अहो, इकडे या, बघा, सैल झालाय! साहेब, तो चेहरा. किती महिन्यांनी बघत होतो मी. त्या दिवशी तिनं ती फुलकोबी मागून घेऊन खाल्ली. मग मी चूक केली का? सांगा ना. धीरच दिला ना मी तिला? म्हटलं, एकदा हुरूप आला की खरंच उतरेल, मग मी गुपचूप परत घट्ट करीन, कुणाला कळतंय.

पण हुरूप कसला आणि काय! पंधरा दिवसांनी म्हणते, एवढी उतरलेय तर केकचा एक तुकडा चालेल ना? आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? तिला सांगू, बये, तू उतरली नाहीस, मी उसवलंय? खाल्ला तुकडा. मग दुसरा. आणि गाऊन परत अंगाला बसायला लागला, मग मी परत बोटभर. निळा झाला, हिरवा झाला, मग करडा, मग फुलाफुलांचा. चार गाऊन, चार महिने. गेल्या गुरुवारी हिरवा घेतला हातात आणि बघतो तर आत कापडच नाही. कडेपर्यंत येऊन पोचलोय मी. सोडायला काही उरलंच नाही आता.

आणि आज तिला दवाखान्यात नेलंय. मेहुणी घेऊन गेलीय. आज वजन करणार, तीन महिन्यांची साखर बघणार आणि तारखेचं ठरवणार. मी? मला जमलं नाही हो, अर्जंटचं काम होतं ना — हे काय, तुमची पॅन्ट — हां, तुम्ही आत्ता आलात, खरं आहे. काम नव्हतं. नाही गेलो. तो काटा तिच्यासमोर हलताना मला बघवला नसता. झालं समाधान?

काय? कसले ठिपके? दाखवा. — हे होय, ही जुन्या शिवणीची भोकं आहेत. गेल्या वर्षी सैल केली ना, तेव्हा आतली शिवण बाहेर आली. सुई एकदा गेली की खूण राहते, किती वाफ द्या, नखानं किती घासा. आता परत त्याच रेषेवर शिवणार आहे मी, लपतील. साध्या माणसाला दिसत नाहीत एरवी, तुमची नजर चांगली. हिचे डोळे अधू झालेत म्हणून मला त्या गाऊनची काळजी नव्हती. डोळ्यांनी नाहीच दिसायची तिला. बोटांना मात्र —

बोटांना.

नाही, नाही, काही नाही. पाणी नको. एक मिनिट — साहेब, एक सांगा. आमच्याकडे कपडे कपाटात टांगलेले असतात. सरळ बाजूनं. पहिल्या वेळी मला शोधावा लागला तो गाऊन. त्यानंतर दर वेळी जिन्याजवळच्या खुर्चीवर मिळायचा. म्हटलं, बरं झालं, शोधायला नको. घडी घातलेला असायचा. उलटा करून. शिवणी वर. कपडा उलटा करून कोण ठेवतं? बावीस वर्षं तिनं मला कपडे दिलेत हातात, घालायचा असेल तर सुलटा, उसवायचा असेल तर उलटा. आणि मी गाढव — मला वाटत होतं मी तिला फसवतोय. अहो, ती मला खूश ठेवत होती. मी परत ओरडू नये, जेवताना दोन शब्द बोलावं, म्हणून रोज सकाळी सैल झालाय, सैल झालाय — आणि आज जाताना विचारलं, कुठला घालू? मी म्हटलं, हिरवा. हसली. मला वाटलं, खुशीत आहे.

गाडी थांबली का बाहेर? बघा जरा, तुम्ही दाराजवळ आहात. तीच आहे? वर चाललीय ना? नाही? इकडे? दोन वर्षांत इकडे आली नाही ती — सरका, वाट द्या तिला. अगं हळू, उंबरा आहे. मेहुणी कुठाय? गेली? बरं. बस, त्याच स्टुलावर बस, पुसतो थांब. काय म्हणाले डॉक्टर? कागद दे. नको? राहू दे मग, राहू दे, मी काही विचारत नाही. — काय हवंय? टेप? टेप कशाला गं तुला...

हां. हां, घेतो.

साहेब, तुम्ही या आता. पॅन्ट परवा मिळेल. दार ओढून घ्या जाताना, मला हिचं माप घ्यायचंय.