लहान भोंगा

— गिलास खाली नोका ठेवू मॅडम, हातातच धरा. दोन वाजत आले. खदानीत सुरुंगाचा बार उडला का गिलास आपोआप चालते, तिथून इथवर येते. हसता काऊन? खरं हाय. दुपार झाली का आमचे भांडे मांडनीवरून खाली उतरते. कमळाबाई, मांडनी रिकामी काऊन, असं पाहुने इचारत — पाहुने तरी कुठी आता, तुमीच येता कंपनीतून.

हां, त कंपनीच्या पन्नास वर्साच्या कार्यक्रमाचं सांगत होत्या तुमी. शाल, नारळ, स्टेजवर खुर्ची — कोनाले? मले. काऊन? जुनी म्हनून. जुनी त हायच मी. लगीन होऊन आली तवा कंपनीचा एक तंबू होता फक्त, अन् नकाशेवाला साहेब माह्या सासऱ्याच्या बंडीत बसून हिंडे. नाल्याच्या काठचा काळा दगड सासऱ्यानंच दाखवला त्याले — आमी आंघोळीचं पानी तापवत होतो त्याच्यावर. मंग पाटी तीनदा बदलली तुमची, साहेब किती आले अन् गेले, पन खड्डा? तो एकच. पुढं येऊन राह्यला. पह्यले वावर गेलं, मंग नाला, मंग मसनवटी — माहा मालक त्याच मसनवटीत होता, आता कोन्त्या ट्रकात गेला कोनाले मालूम. गाव सारा भद्रावतीकडच्या कालनीत गेला. माहं एक घर राह्यलं. अन् तुमी म्हन्ता शाल घ्या! मले समजत नाई काय? शाल घेतली का त्याच स्टेजवर घराची चाबी द्याची. फोटो निंघन. आजीबाईनं हसत हसत गाव सोडला. हसत!

नाई म्हन्लं त? धनराजचं काम जाईन, हेच ना? तुमी बोलल्या नाई, पन मी आयकलं. पोरगा ठेक्यावर हाय माहा, बार उडवाच्या आंधी भोंगा द्याचं काम त्याचं. तोही म्हन्ते, ये ना वं माय स्टेजवर, पर्मनंट करतो म्हन्ते साहेब. मी नाई म्हन्लं. तवापासून जेवाले बसते, पन बोलत नाई माह्यासंग. भात वाढाले ताट पुढं सरकवते, बस —

आयकलं? उठा! नातवाच्या पाळन्याची ती बाजू धरा. सून मजुरीले गेली, मी एकटी किती उचलू — हां, इकडं, लिंबाखाली. डोकं सांभाळा लेकराचं. बसा आता. भिऊ नोका, हा लहान भोंगा. मोठा वाजाचा हाय अजून. पह्यले भोंगा वाजल्यावर बिडी ओढून होईस्तोवर टाइम भेटे, लेकरं-ढोरं सारे निंघे बाहेर. मंग कोन्या साहेबानं म्हन्लं, काम खोळंबते, टाइम कमी करा. आता भोंगा वाजला का लगेच धाडकन. म्हातारीनं पाळना उचलावा कवा? म्हनून धनराज आंधी लहान वाजवते एक — मशीन तपासल्यावानी, अर्धाच. तुमच्या साहेबायले पत्ता नाई. बोलत नसन माह्यासंग, पन भोंगा —

मॅडम. तो मोबाइल चालू हाय काय?

लाल ठिपका दिसून राह्यला. बंद करा. आंधीचंही मिटवा. मी काय बोलली? काई नाई बोलली. कान गेले माहे, एकाचे दोन भोंगे आयकू येते. रिकामी बडबड हाय ते... माह्याकडं पाहा ना बाई. खाली काऊन पाहून राह्यल्या?

— हा मोठा. कान झाका त्याचे.

...

झालं. धूळ बसू द्या.

तारीख कोन्ती म्हन्ली तुमी? यीन मी. चाबी कमरेलेच हाय, हे पाहा. हसाचं केवढं तेही सांगा, हसतो. पन पह्यले ते मिटवा. माह्यासमोर. दाखवा... गेलं? पुरं गेलं?

मंग जा आता. पाळना राहू द्या तिथीच, मी नेईन. जा म्हन्लं ना बाई, मले भांडे मांडनीवर ठेवाचे हाय.