नाल्यापासचा मामा

...ते राहू द्या भाऊ, मले आधी हे सांगा, मामा म्हणतात ते तुम्हीच ना? नाई कसे? चार महिने झाले मले या शाळेवर येऊन, अन् चार महिने पोट्टे आपसात हेच कुजबुजून राह्यले — मामा आज नाल्यापाशी बसला, मामा काल रस्त्यानंच गेला. कोणाचा मामा, विचारलं तं सारे गुमान. मी म्हटलं, असंन कोणी बाईची एसटी किती वाजता येते ते पाहणारा. अन् आज तुम्ही सापडले, झाडाले कॅमेरा बांधतानी. जंगल खात्याचे आहा, जनावरासाठी आहे म्हणता? मंग त्याचं तोंड रस्त्याकडे काऊन? जनावर काय सडकेनं चालते?

मी वर्ध्याकडची असंन, पण भोळी नाई. या फाट्यावर उतरतो, इथून गाव दोन किलोमीटर, अन् पाह्यतो तं काय — शाळेतले अकराही पोट्टे रोज पावणेसातले इथी हजर. शाळा भरते साडेसातले. कोणतं पोट्टं एवढं शहाणं असते सांगा? माझी पिशवी घेतात, मले मधात घालतात — पुढं रिंकू, चौथीतली, मागं सुकलू — अन् खिचडीची ताटं वाजवत, बेंबीच्या देठापासून पाढे ओरडत चालतात. मले वाटलं चिडवून राह्यले. एक दिवस रागावली, ताटं बंद म्हटलं. तं रिंकू म्हणते, बाई, मारा पण वाजवू द्या. तेव्हा माझा संशय पक्काच झाला — गावानंच पढवलं यांले, बाई दांडी मारते का पाहाले. म्हणून बदलीचा अर्ज भरला मी. आज शेवटची तारीख, मोबाईलवर एक बटन दाबाचं बाकी आहे —

काय दाखवता? इकडे करा जरा, उन्हात दिसत नाई. हं, हा आपलाच रस्ता. हे मोहाचं झाड. अन् हे —

कधीचा आहे हा फोटो? कालचा? सकाळी सहा चाळीस?

थांबा भाऊ. जरा बसतो इथी.

वाघाले मामा म्हणता तुम्ही लोकं? नाव घेत नाई त्याचं? — अन् मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, इकडे वाघ आहे का. रिंकूच म्हणाली, नाई बाई, काहीच नाई. काय म्हणता? मागच्या सरांले खरं सांगितलं तं ते आठव्या दिवशी गेले? अन् वर्षभर शाळेले कुलूप? म्हणून मले सांगितलं नाई. अन् घरी काय सांगतात — बाईनं लवकर बोलावलं म्हणून? अरे देवा. आठ-आठ वर्षांचे लेकरं भाऊ, माझ्याभोवती, ताटं वाजवून वाघ दूर ठेवत, अन् मी त्याईच्यात डाव शोधत होती. लाज वाटून राह्यली मले. पोटच्या लेकानं नाई केली एवढी माया. पण आभार कसे मानू याचे? त्या सुकलूले काही झालं असतं तं?

किती वाजले? सात? अन् आज पोट्टे अजून आले काऊन नाई? उठा भाऊ, सोडा तो कॅमेरा, चला, समोर जाऊ — मले नका थांबवू — अर्ज गेला खड्ड्यात, मी आजपासून गावातच राहतो, खिचडी रांधणाऱ्या कुंताबाईच्या पडवीत पथारी टाकतो, एकही लेकरू या रस्त्यानं येणार नाई...

थांबा. आवाज येऊन राह्यला ना? मोजू द्या... नऊ... दहा... हं, तो सुकलू. अकरा.

तुम्ही मागून या, शाळेपर्यंत सोडा आमाले. पण दूरून. अन् बाईले समजलं हे त्याईले सांगू नका, आता बाईही सोडून जाते का काय या धाकानं जेवणार नाईत ते. जा, त्या झाडामागं जा. जा म्हटलं ना.