तुळजाबाई नेपाळातून आली

१९५६चा नोव्हेंबर. आदिलाबादच्या स्टेशनाबाहेर मावला गावची राहीबाई वांग्यांची रिकामी पाटी घेऊन मोटारीची वाट पाहत बसली होती. नुकतीच आगगाडीतून उतरलेली एक हडकुळी बाई आणि तिला घ्यायला आलेला नवरा तिच्या शेजारी येऊन टेकले. बाईचे केस जेमतेम बोटभर वाढलेले होते.

“पशुपतिनाथाले गेली तवा धडधाकट होती तू, तुळजा.”

“दर्शन झालं अन् तिथंच ताप भरला. संगतीचे लोक पंधरा दिवस थांबले, मंग निघाले. त्यायचं तरी काय चुकलं?”

“मंग तुले पाह्यलं कोनं?”

“धरमशाळेतल्या एका नेपाळी बाईनं. मले तिची बोली येत नव्हती, तिले माही. पेज पाजे. माहे केस कापताना माह्यापरीस तीच जास्त रडली.”

“तुह्यं पत्र दसऱ्याले आलं. तवर गावातले लोक म्हणत, तेरवी करून टाका, उद्धवराव.”

“मंग?”

“मी म्हणलं, ती येते.”

मावल्याची मोटार आली, पण राहीबाई उठली नाही.

“गाव कसं हाय?” तुळजाबाईनं विचारलं.

“गाव आता हैदराबाद राज्यात नाई. याच म्हयन्यात आंध्र प्रदेशात गेलं.”

“अन् घर?”

“घर तिथंच हाय. आपली लेक बाळंतपनाले आली, ती अजून हाय. पोरगी झाली तिले. पोरीले सातवा म्हयना लागला.”

“अगं बाई! नाव काय ठेवलं?”

“ठेवलंच नाई. आई आल्याबिगर बारसं नाई म्हनते.”

“अन् मी आलीच नसती तं?”

“तसं घरात कोनी बोललंच नाई.”