भिंतीला तोंड करून

पंढरीनाथ: …कान लागतात, मायकेल, कान! दुकानातला पोरगा एकेक जोडी लावत गेला, मी डोळे मिटून बसलो. ही जोडी लागली आणि म्हटलं, बस, बांध. टिपरी ढोलावर पडत होती आणि लागत होती ती इथे, छातीत. अख्ख्या भाईंदरमध्ये स्पीकरची एवढी पारख असलेला दुसरा माणूस दाखव मला.

मायकेल: लाव की मंग. उत्तनवरनं बस धरून आलोय तुझी छाती ऐकायला.

पंढरीनाथ: सुचेता, दार लोट. हां. आता ऐका!

सुचेता: अगं बाई! हे काय? पत्र्याच्या शेडमध्ये पिंप गडगडवतंय का कोणी?

पंढरीनाथ: नाशिक ढोल आहे तो.

मायकेल: एकच ढोल हाय ना? मला तर चार ऐकू येतात, आणि चारी एकमेकांच्या मागं पळतात.

सुचेता: बंद करा आधी! शोकेसमधल्या कपबश्या नाचायला लागल्यात.

पंढरीनाथ: दुकानात असा नव्हता आवाज. बदलला! त्या हरामखोराने खोका बदलला!

मायकेल: खोका तोच हाय रे. दुकानात खाली काय होतं?

पंढरीनाथ: गालिचा.

मायकेल: भिंतीवर?

पंढरीनाथ: पडदे. जाडजूड. आणि सोफे होते, एकदम गुबगुबीत. मी त्यातच रुतून बसलो होतो.

मायकेल: आणि हितं?

सुचेता: इथे लादी. आरशासारखी. यांनीच हट्टाने बसवून घेतली, लादीत तोंड दिसलं पाहिजे म्हणून. आता बघा तोंड.

मायकेल: पंढरी, एक टाळी वाजव.

पंढरीनाथ: टाळी कशाला?

मायकेल: वाजव तर.

पंढरीनाथ: ही घे.

मायकेल: बघ, एकच वाजवलीस, पण टर्रर्र करून परत आली. उघड्या भिंतीवर आवाज आपटतो, समोरच्या भिंतीवर जातो, तिथून परत. नवा आवाज निघेपर्यंत जुना घरातच फिरत असतो. माझ्या भावाचा बँड चर्चच्या हॉलात रिकामी प्रॅक्टिस करतो ना, तेव्हा सेम असंच. लग्नाच्या दिवशी माणसं भरली की तोच बँड गोड वाजतो. माणसं आवाज पितात.

सुचेता: मायकेलभाऊ, तुम्हाला वाटतंय हे गाणी ऐकणार आहेत. यांना सूड घ्यायचाय.

मायकेल: सूड? कुनाचा?

पंढरीनाथ: त्या भिंतीपलीकडच्याचा. शशिकांतचा. ऑफिसमध्ये सांगितलं नाही तुला, लाज वाटली. गेल्या महिन्यात आमच्या स्वप्नालीला बघायला ठाण्याचे लोक आले होते. मुलगा अथर्व, त्याची आई, मामा. पोह्यांच्या बश्या हातात आल्या, अथर्वने स्वप्नालीला विचारलं, तुम्हाला काय काय आवडतं. पोरगी तोंड उघडणार, एवढ्यात भिंतीतून तोफ!

मायकेल: तोफ?

सुचेता: शशिकांतरावांनी नवीन होम थिएटर घेतलं होतं. युद्धाचा पिक्चर लावलेला. अथर्वच्या आईच्या मांडीवर अख्खा चहा सांडला.

पंढरीनाथ: मी गेलो सांगायला. हात जोडून म्हटलं, घरी पाहुणे आहेत, बारीक करा. तर तो काय म्हणतो? "पंढरीनाथराव, तुमच्या रेडिओला हे जमायचं नाही. फुकटात ऐकून घ्या." आणि दार बंद! परत आलो तर ते लोक चपला घालत होते.

सुचेता: कळवतो म्हणाले ते. नाही म्हणाले नाहीत अजून.

पंढरीनाथ: कळवतो म्हणजे नाहीच. ते सोड. उद्या त्याच्या सुरुचीला बघायला येतायत, अकरा वाजता. कळलं? तीच भिंत, तसेच पोहे. मुलगा विचारेल, काय आवडतं, आणि सुरुचीने तोंड उघडलं की मी ढोल सोडणार. मुलाच्या आईच्या मांडीवर चहा सांडला पाहिजे! उकळता!

सुचेता: त्या पोरीने काय घोडं मारलंय तुमचं?

पंढरीनाथ: माझ्या पोरीने त्याचं मारलं होतं का?

मायकेल: सूडच घ्यायचाय तर हाच आवाज बेस हाय की. स्पीकर भितीला चिकटव, तोंड तिकडं कर, कोपऱ्यात दाब. कोपऱ्यात ढोल अजून फुगतो. पलीकडचा येडा होईल.

पंढरीनाथ: हा आवाज? हा फाटका? नाही, मायकेल. हा ऐकला तर तो म्हणेल, बघा, रेडिओच आहे. त्याला कळलं पाहिजे आपली चीज त्याच्यापेक्षा भारी आहे. जळला पाहिजे तो. दुकानात होता तस्साच आवाज हवाय मला.

मायकेल: तस्साच पायजे तर घर दुकानासारखं कर. गाद्या काढ.

सुचेता: कुठल्या गाद्या?

पंढरीनाथ: सगळ्या. स्वप्नालीचीपण. त्या भिंतीला उभ्या लाव.

सुचेता: अहो, पण त्या भिंतीतूनच तर आवाज पलीकडे जायचाय ना?

पंढरीनाथ: तू मध्ये बोलू नकोस, टेक्निकल आहे. मायकेल, अजून?

मायकेल: गोधड्या, चादरी. आणि माझ्याकडं गोणपाटं हायत, बसमधनं घेऊन आलोय, पिशवीत बघ. दारावर मार. दारबी आवाज परत फेकतं.

सुचेता: शी! वास कसला येतोय?

मायकेल: सुक्या बोंबलाची हायत, वयनी. उन्हात टाकलेली. आता फार न्हाय येत.

पंढरीनाथ: येऊ दे. युद्धात वास बघत नाहीत. हातोडी आण. खिळा मी ठोकतो, मायकेलचा नेम नाही चांगला.

सुचेता: जपून, तिथे बेलचा डबा आहे.

पंढरीनाथ: मला दिसतोय डबा. चिमणी ओरडणारी बेल आणलीय मीच, मला शिकवू नकोस. हे बघ, डब्याच्या बाजूला, पट्टीवर. एका घावात! आता गोणपाट अडकव. वर गोधडी.

मायकेल: डबा झाकला गोधडीखाली.

पंढरीनाथ: झाकू दे. चिमणी आतून ओरडेल. आता स्पीकर?

मायकेल: भितीपासनं लांब घे. अजून. तोंड आपल्याकडं. दोघांच्या मधोमध तू बस. आणि खाली जमिनीवर नको ठेवूस, स्टुलावर ठेव. ढोलाची धम्म् खालच्या मजल्यावर जाईल.

पंढरीनाथ: स्टूल एकच आहे. जमिनीवरच राहू दे. खाली बाबाजी राहतात, त्यांना ऐकू येत नाही.

सुचेता: मी उद्या स्वप्नालीला घेऊन ताईकडे गोडदेवला जाते. मला हे बघवणार नाही.

पंढरीनाथ: जा, जा. परत येशील तेव्हा शशिकांत जिन्यात बसून रडताना दिसेल. लाव, मायकेल.

मायकेल: लावतो.

पंढरीनाथ: अहाहा! सुचेता, आलं छातीत! बघ, टिपरीन् टिपरी वेगळी! कपबशी हलतेय का एक तरी?

सुचेता: नाही. चांगलं वाजतंय.

पंढरीनाथ: मग! मेला शशिकांत!

(रविवार, दुपारी एक. तेच घर, त्याच गाद्या. ढोल पूर्ण आवाजात चाललाय. सुचेता आपल्या किल्लीने दार उघडून गोधडीखालून आत येते.)

सुचेता: बंद करा!

पंढरीनाथ: काय?

सुचेता: बंद करा म्हटलं!

मायकेल: केला, वयनी.

पंढरीनाथ: अगं, अकरापासून एक सेकंद थांबलो नाही! काय केलं त्यांनी? पळाले ना? चहा सांडला? शशिकांत जिन्यात आहे का?

सुचेता: जिन्यात शशिकांतरावांची बायको भेटली, उर्मिला. पेढे दिले तिने.

पंढरीनाथ: पेढे कसले?

सुचेता: सांगते. आधी तिने विचारलं, आज तुम्ही घरात कुणी नव्हता का, किती शांत शांत होतं. एरवी तुमच्या यांचा आवाज तरी येतो म्हणाली, आज तोही नाही.

पंढरीनाथ: खोटं बोलते! ढोल होता, फुल!

मायकेल: पंढरी, गाद्या तिकडच्या भितीला. स्पीकर पाठ करून. मी काल बोललो होतो.

पंढरीनाथ: तू गप. गोणपाटं तुझी आहेत.

सुचेता: खालचे बाबाजी भेटले. त्यांना लागला ढोल. पलंगातून सारखी धम्म धम्म येत होती म्हणे, वर्षभर धरलेली कंबर मोकळी झाली. परत कधी लावणार, विचारत होते.

पंढरीनाथ: बाबाजी गेले खड्ड्यात! सुरुचीला बघायला आलेले कसे बसले शांत?

सुचेता: ते आलेच नाहीत. सकाळी फोन आला, मुलाला ताप आहे. पोहे तयार, बश्या मांडलेल्या, सुरुची साडी नेसून बसलेली.

पंढरीनाथ: मग झालं की! आलेच नाहीत! देवानेच माझा सूड घेतला! खा पोहे आता महिनाभर!

सुचेता: पोहे संपले. पाहुणे आले.

पंढरीनाथ: कोण?

सुचेता: अथर्वचे लोक.

पंढरीनाथ: कोण अथर्व?

सुचेता: आपला अथर्व. ठाण्याचा. आई, मामा, सगळे. मीरा रोडला कुणाकडे तरी आले होते, म्हटलं भाईंदरचं जेसल पार्क काय लांब आहे. आधी फोन केला आपल्याकडे, तुम्ही उचलला नाहीत. मग सरळ आले, दाराशी उभे राहिले. बेल दाबली, कडी वाजवली. खाली कुठेतरी मसाला कुटतायत असं वाटलं त्यांना. वासही येत होता, म्हणाले.

मायकेल: बोंबील.

सुचेता: शशिकांतराव बाहेर आले. म्हणाले, घरात दिसत नाहीत, या आमच्याकडे बसा, येतील एवढ्यात. पोहे तयारच होते. सुरुचीही तयारच होती.

पंढरीनाथ: सुचेता.

सुचेता: तासभर बसले. पसंत पडली. पुढच्या रविवारी साखरपुडा.

पंढरीनाथ: आपल्याकडे कशाला आले होते पण ते? पत्रिका परत द्यायला असतील.

सुचेता: उर्मिला म्हणाली, त्या दिवशी मुलाला स्वप्नाली आवडली होती. पण तोफांमध्ये तिचा आवाजच नव्हता ऐकू आला. तेवढं बोलणं ऐकायला आले होते.

पंढरीनाथ: …पोरगी कुठाय?

सुचेता: खाली गेटपाशी. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा ते निघत होते. त्याने नमस्कार केला, तिने केला. दोघांनीही तोंड उघडलं नाही. ती वर यायला नाही म्हणते.

मायकेल: मी जाऊ खाली, पंढरी?

पंढरीनाथ: कुठे नाही जायचं! पुढचा रविवार ना? साखरपुडा इथेच ना, पलीकडे? त्या शशिकांतला मी सोडत नसतो! माझा जावई माझ्याच दारातून उचलून नेला! सोडव त्या गाद्या. स्पीकर फिरव, भिंतीला तोंड करून, कोपऱ्यात दाब. मला सुंदर आवाज नको, मला फाटका हवाय! गोणपाटं काढ सगळी!

सुचेता: चूक तुमची आहे. ढोल एवढा मोठा होता की दारातली बेल ऐकू आली नाही तुम्हाला.

पंढरीनाथ: माझे कान तयार आहेत, सुचेता! ढोलातसुद्धा चिमणी ऐकू येते मला! ते खोटं सांगतायत, बेल दाबलीच नाही त्यांनी! मायकेल, बाहेर जा, दाब बेल, हिला ऐकव. जा!

सुचेता: भाऊ, दाबली का?

मायकेल: दाबतोय. मघापास्नं.

पंढरीनाथ: जोरात दाब!

मायकेल: पंढरी, आत येऊन गोणपाट काढलं, हे बघ. काल तू ठोकलेला खिळा पट्टीतनं आत गेलाय. बेलची वायर तुटलीय.